आश्रितांचा रकाना

फिकट निळ्या कागदाची ती चिठ्ठी दाराखालून आत सरकली तेव्हा शास्त्री सत्तेचाळिसाव्या पानावर होते. कागद सरकल्याचा आवाज तो केवढासा. पण वाचता वाचता त्यांनी ओळ मध्येच सोडली, आणि तीस वर्षांत असे क्वचितच घडले असल्यामुळे समोर बसलेल्या पत्नीने पेन्सिल खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिले. रोज सकाळी चहा झाला की दोघे या टेबलाशी बसत. घरून आणलेली पोथीची नक्कल शास्त्रींच्या हाती असे, आणि इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातील दुसऱ्या पोथीची छायाचित्रे तिच्यापुढे. शास्त्री एकेक ओळ मोठ्याने वाचत. तिच्यापुढची ओळ जुळली की ती 'हं' म्हणे; एखादे अक्षर, एखादा अनुस्वार जरी वेगळा दिसला तरी 'थांबा' म्हणे, आणि मग शास्त्री कागदाच्या समासात खूण करून तो पाठभेद टिपून घेत. व्याकरण ती कधी शिकली नव्हती. लग्नानंतर ऐकून ऐकून तिचा कान आणि पाहून पाहून तिचा डोळा असा तयार झाला होता, की शास्त्रींची नजर जिथून निसटे तिथेच तिची पेन्सिल अडे. कुणा अनाम टीकाकाराच्या त्या ग्रंथाच्या दोनच पोथ्या कालाच्या हातून वाचल्या होत्या, आणि दुसरीच्या ओढीने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, वर्षभराचे अभ्यागत संशोधक म्हणून, शास्त्री या परक्या शहरात आले होते. विभागातल्या मंडळींना त्यांचे पूर्ण नाव उच्चारता येईना, म्हणून दारावरच्या पाटीवर 'शास्त्री' एवढेच राहिले होते.

चिठ्ठी त्यांनी उभ्याउभ्याच वाचली, आणि तिला कळावी म्हणून आपल्या भाषेत सांगितली. या खोलीत एकाच व्यक्तीच्या निवासाची नोंद आहे. सफाईच्या वेळी दुसरी व्यक्ती कायम राहत असल्याचे आढळले आहे. आज दुपारी बाराच्या आत निवास व विमा कक्षात येऊन खुलासा करावा, अन्यथा खोली सोडावी लागेल.

"दुसरी व्यक्ती म्हणजे मीच की," ती हसून म्हणाली. "आणि आढळली म्हणे! ओट्याखाली झुरळ आढळावं तशी."

शास्त्री हसले नाहीत. त्यांचे लक्ष तिच्या डाव्या हाताकडे गेले होते. हसताना तिने तो उजव्या हाताने कोपराजवळ धरला होता, एखादे जड भांडे सावरावे तसा. गेले काही दिवस ती असाच तो धरत होती. परवा त्यांनी विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "काही नाही हो, इथली उशी उंच आहे." ते उत्तर त्यांनी स्वीकारले होते, कारण स्वीकारणे सोयीचे होते. आता मात्र चिठ्ठीतला 'विमा' हा शब्द आणि तिचे ते कोपर यांची मनात गाठ पडली. त्यांना निवासाचा आणि विम्याचा तो फॉर्म आठवला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी, ती अजून यायची होती तेव्हा, याच टेबलाशी बसून त्यांनी तो भरला होता. तिच्या इथे येण्याच्या परवान्यावरची एक सही राहिल्यामुळे तिला चार दिवस मागे थांबावे लागले होते. ते चार दिवस शास्त्रींनी पावावर काढले होते, कारण शेगडीचे बटण आधी दाबून मग फिरवायचे असते हे त्यांना उमगले नव्हते. रक्तदाबाची गोळी ते दोन दिवस विसरले होते, आणि तिसऱ्या दिवशी आठवली तेव्हा ती कोणत्या पिशवीत आहे हे ठाऊक नव्हते. अशा त्या एकाकी संध्याकाळी फॉर्ममध्ये एक रकाना आला. त्या परक्या शब्दाचा अर्थ त्यांनी सवयीने आपल्या भाषेत लावला: आश्रित. आश्रितांची संख्या व नावे.

त्या शब्दापाशी त्यांचा हात अडला होता. व्याकरणाचा आधार तर लगेच सापडला; आयुष्यभर त्यांना तो नेहमीच लगेच सापडत आला होता. पतिपत्नी हा द्वंद्व समास. त्यात दोन्ही पदे सारख्याच मानाची, कोणी कोणाच्या आश्रयाला नसते. जिच्यासवे संसार केला तिला आश्रित म्हणून कागदावर मांडणे हा शब्दाचा अपराध आहे आणि माणसाचाही, असे मनाशी म्हणत त्यांनी त्या रकान्यात ठसठशीत शून्य काढले होते, आणि काहीतरी धर्माचे केल्यासारखे त्यांना वाटले होते. पण त्या धर्माच्या तळाशी दुसरेच काही होते, हे आता सदरा बदलताना, बटणे चुकीच्या काजात जात असताना, त्यांना दिसू लागले. त्या शब्दाला मामाच्या घराचा वास होता. वडील गेल्यावर आई त्यांना घेऊन भावाकडे राहायला गेली, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. मामा स्वभावाने गरीब होता, मामीही दुष्ट नव्हती, पण कुणी पाहुणा आला आणि त्याने अंगणातल्या मुलाकडे पाहिले, की मामी सहज सांगे, "हा होय? आमच्या आश्रयाला आहेत मायलेकरं." इतके सहज, की जणू पाहुण्याला पाण्याचा तांब्या कुठे आहे ते सांगते आहे. त्याच घरात आईचा खोकला सुरू झाला. ती तो पदरात दाबी. वैद्याला बोलवायचे तर भावाला सांगावे लागेल, आणि भावाला सांगायचे तर त्याच्या बायकोला कळेल, म्हणून तिने तो तीन महिने पदरात दाबला. आणि चौथ्या महिन्यात दाबण्याचे कारण उरले नाही. शास्त्रींना तिचा चेहरा आता नीट आठवत नसे. पदराचा बोळा तोंडाशी नेणारा हात तेवढा आठवे.

"अगं, चल लवकर. आणि ती उंच उशी आजच बदलून घेऊ," ते म्हणाले, आणि आपला आवाज नको तितका मोठा लागला हे त्यांनाच ऐकू आले.

वऱ्हांड्यात शेजारच्या खोलीतली बर्फवाली भेटली. हे नाव पत्नीनेच ठेवलेले. ती तिशीची संशोधक शेकडो वर्षे जुन्या बर्फाचे तुकडे करून त्यात अडकलेली हवा तपासत असे, आणि आपल्या भाषेत बोलायला मिळते म्हणून रोज 'काकू, काकू' करत येऊन बसे. चिठ्ठी वाचून तिने कपाळाला हात लावला.

"काका, तुम्ही काकूंचं नावच घातलं नाही? म्हणजे कागदोपत्री काकू अजून विमानातच आहेत!"

"नाव राहिलं, हे खरं," शास्त्री म्हणाले. राहिलं आणि गाळलं यांतला भेद त्यांनी तिच्यापुढे उघड केला नाही.

"खोलीचं होईल हो काहीतरी, ती माणसं ओरडतात आणि मग ऐकतात. पण विम्याचं बघा. आल्यापासून तीस दिवसांपर्यंतच घरच्यांचं नाव घालता येतं. एकदा मुदत गेली की पुढच्या वर्षापर्यंत दार बंद. आणि विमा नसेल तर इथे डॉक्टर दारातच कार्ड विचारतात. तुम्ही आलात कधी?"

शास्त्रींनी तारीख सांगितली. तिने बोटांवर मोजले, परत मोजले. "काका, धावा," एवढेच ती म्हणाली.

रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्यांच्या सारख्या इमारती होत्या, आणि त्यावरून चालताना शास्त्री तीस हा आकडा पुन्हा पुन्हा उलगडत होते. आगमनाचा दिवस धरला तर आज एकतिसावा. तो सोडला तर आज तिसावा, शेवटचा. 'पर्यंत' या शब्दाचे दोन अर्थ व्याकरणाने निराळे काढून ठेवले आहेत, हे त्यांनी वर्गात किती पिढ्यांना शिकवले होते: सीमा सोडून ती मर्यादा, सीमा धरून तो अभिविधी. गावापर्यंत पाऊस पडला म्हणजे गाव भिजले की कोरडे राहिले? मुले हसत, आणि शास्त्री विजयी मुद्रेने फळ्याकडे वळत. त्या विनोदातले ते गाव आज आपल्या शेजारून चालते आहे, डावा हात सावरत, आणि ते भिजेल की कोरडे राहील हे एका कारकुनाच्या बोटावर ठरणार आहे, या विचाराने त्यांच्या पायांना गती आली आणि त्याच क्षणी पत्नी मागे पडली. ते थांबले. ती एका दुकानाच्या काचेत ठेवलेल्या बुटांकडे पाहत उभी होती. पुरुषांच्या बुटांकडे.

कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्टवर बंद असल्याचा कागद चिकटवलेला होता. पहिल्या वळणावर ती भिंतीवरच्या सूचनाफलकापाशी थांबली आणि वाचू लागली. शास्त्री घड्याळाकडे पाहत उभे राहिले. दुसऱ्या वळणावरही फलक होता. ती तिथेही थांबली, जरा जास्त वेळ, आणि तिच्या खांद्यांची हालचाल त्यांना मागून दिसत राहिली. "काय एवढं वाचतेस?" असे विचारायला त्यांनी तोंड उघडले आणि तसेच मिटले. तिला ही भाषा वाचता येत नव्हती. एक अक्षरही येत नव्हते. फलकावर कागदच कागद होते, आणि ती त्यांच्याकडे तोंड करून, पाठ शास्त्रींकडे करून, मिळेल तेवढा श्वास गोळा करत होती. पदर तोंडाशी नेणारा तो हात शास्त्रींना दिसला. इतका स्पष्ट, की त्यांनी कठड्याला धरले. तेव्हा ते आठ वर्षांचे होते, आणि आईचा खोकला त्यांना ऐकू येत असूनही ते अंगणात गोट्या खेळत राहिले होते, कारण ऐकू आला असे म्हटले तर पुढे काय करायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. आज ते एकसष्ट वर्षांचे होते, आणि उशी उंच आहे हे त्यांनी ऐकून घेतले होते.

"बसू का जरा इथे?" ते म्हणाले. "माझे गुडघे भरून आलेत."

"तुमचे गुडघे!" ती वळली, चेहरा ओलसर, पण डोळ्यांत नेहमीची टवाळी. "बारा वाजायला आलेत. चला, मी धरते तुम्हाला." आणि खरोखरच तिने उजव्या हाताने त्यांचा दंड धरला, आणि दोघांपैकी कोण कोणाला वर नेते आहे हे न ठरवता ते तिसऱ्या मजल्यावर पोचले.

खिडकीमागची बाई मध्यम वयाची होती, चष्मा कपाळावर सरकवलेला. तिने चिठ्ठी घेतली, पडद्यावर काहीतरी उघडले, आणि शास्त्रींनी महिन्यापूर्वी भरलेला फॉर्म त्यांच्यासमोर पुन्हा प्रकट झाला. ते शून्य अजून तिथेच होते. कागदावर वळणदार वाटले होते. पडद्यावर ते एखाद्या उघड्या तोंडासारखे दिसत होते.

"आश्रित शून्य," बाई म्हणाली. "मग या कोण?"

"माझी पत्नी."

"म्हणजे आश्रित."

"नाही," शास्त्रींच्या तोंडून निघून गेले, आणि मागच्या रांगेत कुणीतरी घसा खाकरला. बाईने चष्मा डोळ्यांवर घेतला. त्या चष्म्यापुढे, त्या रांगेपुढे, भिंतीवरच्या घड्याळापुढे द्वंद्व समासाची बाजू मांडणे शक्य नव्हते. आणि शक्य असते तरी, शास्त्रींना एकाएकी कळले, ती बाजू खोटी होती. आपण तिला आश्रित लिहिले नाही याचा त्यांना अभिमान होता. पण मग तिला काय लिहिले होते? तीस वर्षांतल्या अकरा ग्रंथांवर तिच्या पेन्सिलीचे ठसे होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या प्रस्तावनेत शेवटून दुसऱ्या ओळीत 'घरातील मंडळींचे साहाय्य' एवढाच उल्लेख होता. ना नाव, ना नाते. फॉर्ममधले ते शून्य त्या संध्याकाळी जन्मलेले नव्हते. ते जुनेच होते. फक्त या वेळी कुणीतरी त्याला रकाना आखून दिला होता.

"चूक माझी आहे," ते त्या परक्या भाषेत सावकाश म्हणाले. "शब्द मला नीट कळला नाही. यांचं नाव घाला."

बाईने तारखा पाहिल्या. एक बोट दिनदर्शिकेवर ठेवले आणि ते घर घर पुढे सरकू लागले. पहिले घर आगमनाच्या दिवसाचेच होते. शास्त्रींनी ते पाहिले, आणि बोट पुढच्या ओळीवर पोचण्याआधीच त्यांना उत्तर कळले.

"मुदत काल संपली," बाई म्हणाली. "येण्याचा दिवस धरून तीस. खोलीबद्दल मी लिहून घेते, कुटुंबांच्या इमारतीत जागा होईपर्यंत दोघे तिथेच राहा. विम्याचं आता पुढच्या वर्षी."

काय झाले ते तिला सांगण्यासाठी शास्त्री वळले. ती मागच्या बाकावर बसली होती, मांडीवर त्यांची पिशवी, पिशवीत त्यांची गोळी, त्यांचा दुसरा चष्मा, त्यांचा पाणी पिण्याचा पेला. तिने भुवया उंचावून विचारले. ती उठून खिडकीशी आली.

"काय म्हणते ही?"

"म्हणते, काल यायला हवं होतं. मी येऊन एकतीस दिवस झाले."

"तुम्ही येऊन झाले," ती म्हणाली. "मला कुठे झालेत? पाव खाऊन राहिलेल्या चार दिवसांचं पुराण मला रोज ऐकवता आणि हिला सांगायला विसरलात होय?"

शास्त्रींनी तिच्याकडे पाहिले. मग खिडकीकडे वळून, शब्द एकमेकांवर आदळत असताना, त्यांनी ते सांगितले. बाईचे बोट थांबले. तिने पत्नीचा परवाना मागितला, शिक्क्यावरची तारीख पाहिली, आणि कपाळावरची आठी सैल झाली.

"हे आधी नाही का सांगायचं? त्यांचे दिवस त्यांच्या तारखेपासून. आश्रितांचे दिवस स्वतंत्र मोजतात." तिने कळ दाबली, आणि शून्य पुसले गेले. "नावाची अक्षरं सांगा."

शास्त्रींनी एकेक अक्षर सांगितले. हे नाव अक्षर अक्षर सुटे करून त्यांनी पूर्वी कधी उच्चारले नव्हते. एका ठिकाणी त्यांनी ऱ्हस्व सांगितला, आणि शेजारून 'थांबा' ऐकू आले. तो दीर्घ होता. बाईने हसून दुरुस्त केला. छापलेले कार्ड अजून कोमट असतानाच तिने ते खिडकीतून सरकवले आणि म्हणाली की आजपासून चालेल, आरोग्य केंद्र खालीच आहे, पण तिथे अजून एक कागद भरावा लागेल.

जिने उतरताना ती कुठेच थांबली नाही, आणि ते पाहून शास्त्रींना वाटले की भीती उगाच होती. मग वाटले की उतरायला श्वास लागत नाही, एवढेच. कार्ड हाती आले होते. दार उघडले होते, आणि दाराच्या आत काय आहे ते आता पाहावे लागणार होते. आईच्या वेळी हेच कुणाला पाहायचे नव्हते. तेव्हा दार कुणी बंद केले होते, मामीने, की आईने स्वतः, की गोट्या खेळणाऱ्या मुलाने, हे त्यांनी आजवर स्वतःला विचारले नव्हते.

आरोग्य केंद्रात पांढऱ्या भिंतींची प्रतीक्षेची खोली होती. परिचारिकेने पाटीला अडकवलेला फॉर्म आणि पेन दिले. दोघे शेजारी शेजारी बसले, आणि नकळत त्यांची बैठक सकाळच्या टेबलासारखी झाली. शास्त्री एकेक ओळ वाचून आपल्या भाषेत सांगत, अंदाजाने उत्तर सुचवत, आणि तिची संमती मिळाली की लिहीत.

"वय, सत्तावन्न."

"हं."

"पूर्वी शस्त्रक्रिया, एक. अपेंडिक्स."

"हं."

"अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे? माझं नाव घालतो."

"हं. आणि बर्फवालीचंही घाला," ती म्हणाली. "तुम्हाला कळवून काय होणार? तुम्ही व्युत्पत्ती शोधत बसाल."

त्यांनी बर्फवालीचेही नाव घातले. मग पुढची ओळ आली, आणि ती त्यांनी आधी मनात वाचली. सध्या काही त्रास, वेदना किंवा तक्रार? समोर दोन चौकोन होते. 'नाही'चा आधी होता. तिचे रोजचे उत्तर त्यांना पाठ होते. तेच सुचवून, ती हं म्हणाली की पुढे जायचे, हे सोपे होते, इतके सोपे की पेनचे टोक आपोआप पहिल्या चौकोनावर जाऊन थांबले. खोलीत कुणीतरी पान उलटले. कुठेतरी दार लागले. शास्त्रींनी ती ओळ मोठ्याने वाचली, सकाळी पोथी वाचावी तशा स्वच्छ आवाजात, आणि सवयीप्रमाणे तिचे उत्तरही उच्चारले.

"सध्या काही त्रास? काही नाही. उशी उंच आहे."

आणि ते वाट पाहत राहिले. तिने पाटीकडे पाहिले. तिला न येणाऱ्या भाषेतल्या त्या ओळीकडे, त्या दोन चौकोनांकडे, पहिल्यावर टेकलेल्या पेनाकडे. डावा हात तिने उजव्या हातात घेतला, आणि या वेळी तो लपवला नाही.

"थांबा," ती म्हणाली.

शास्त्रींनी पेन उचलले, आणि ती सांगेल ते टिपून घेण्यासाठी समासाशी नेले.